घोड्याला गणित येत नव्हतं

आजची गोष्ट एका घोड्याची आहे, पण सुरुवात माझ्या ऑफिसातल्या मीटिंग रूमपासून करते.

मागच्या वर्षी मी फ्रेशर्सच्या इंटरव्ह्यू पॅनलवर होते. एक मुलगा आला, पूर्ण वेळ मान खाली, वहीत काहीतरी खरडत. मी फॉर्मवर लिहिलं, 'कॉन्फिडन्स कमी'. त्याचं सिलेक्शन झालं नाही. संध्याकाळी चहाला पॅनलवरची मैत्रीण म्हणाली, "अगं, समोरचा बरोबर उत्तराजवळ आला की तू हातातलं पेन टेबलावर ठेवतेस. बाकीची पोरं तुझ्या पेनकडे बघून उत्तरं बदलत होती!"

चहा तसाच राहिला. मला हान्स आठवला.

१९०४ साल, शहर बर्लिन. विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांनी आपल्या हान्स नावाच्या घोड्याला कित्येक वर्षं फळा लावून शिकवलं होतं. बेरीज विचारा, अपूर्णांक विचारा, आज तारीख काय विचारा, हान्स पुढचा पाय आपटून उत्तर द्यायचा. बरोबर आलं की गाजर नाहीतर साखर. मास्तर तिकीट लावत नव्हते, बरं का. त्यांचा खरंच विश्वास होता. म्हणूनच हे प्रकरण अवघड होतं. लबाड माणूस पकडणं त्यामानाने सोपं.

सप्टेंबर १९०४ मध्ये तेरा जणांची समिती बसली. त्यात सर्कसवाला होता, प्राणिसंग्रहालयाचा माणूस होता, मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्फ होते. निकाल काय, तर चलाखी सापडत नाही. मग श्टुम्फनी पुढचं काम आपल्या विद्यार्थ्याकडे दिलं. त्याचं नाव ऑस्कर फुंग्स्ट.

या फुंग्स्टला मी मनातल्या मनात जगातला भारी डीबगर म्हणते. त्याने एकेक गोष्ट बदलून बघितली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर? हान्स गडबडला. डोळ्यांना झापडं लावून माणूस दिसेनासा केला तर? पुन्हा गडबडला. माझी आवडती टेस्ट मात्र ही: मास्तरांनी घोड्याच्या कानात एक आकडा सांगायचा, फुंग्स्टने दुसरा, आणि घोड्याने बेरीज करायची. दोघांना आपापला आकडा माहीत, बेरीज कुणालाच नाही. हान्सलाही नाही जमली.

मग फुंग्स्टने घोड्यावरची नजर काढून माणसांवर लावली. प्रश्न विचारून झाला की माणूस पाय बघायला किंचित पुढे वाकतो, आणि हान्स आपटायला लागतो. बरोबर आकडा आला की माणसाची मान नकळत वर होते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा मामला. हान्स थांबतो. मास्तरांच्या रुंद काठाच्या हॅटमुळे ती हालचाल आणखी उठून दिसायची.

इथेच थांबला नाही हा पठ्ठ्या. तो स्वतः घोडा झाला! लोकांना म्हणाला, मनात आकडा धरा, मी हाताने टकटक करतो. पंचवीस जणांपैकी दोघं सोडून सगळ्यांच्या माना हलल्या. कुणाला पत्ता नाही. आणि गंमत म्हणजे सगळं माहीत असूनही हान्ससमोर उभं राहिल्यावर फुंग्स्टला स्वतःची मान आवरणं जड जायचं. १९०७ मध्ये त्याचं पुस्तक आलं. मास्तर १९०९ मध्ये वारले, त्यांनी ते कधी मान्य केलं नाही.

ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, बघा, बॉडी लँग्वेज केवढी मोठी गोष्ट आहे! आणि मग रील्स येतात: नाकाला हात लावला म्हणजे खोटं, हाताची घडी म्हणजे विरोध. मला हे पटत नाही. हान्सला 'खोटं', 'विरोध', 'कॉन्फिडन्स' असलं काही वाचता येत नव्हतं. त्याला 'सुरू कर', 'थांब' असं साधंच काहीतरी वाचता येत होतं, आणि तेही वर्षानुवर्षं दर वेळी साखर मिळाली की नाही यावरून तपासून घेतलेलं. चूक झाली की लगेच कळायचं. मी त्या मुलाची खाली गेलेली मान वाचली, पण माझं बरोबर होतं का, हे मला कोण सांगणार? ज्याला नाकारलं तो परत येऊन दाखवत नाही.

जाता जाता, आमच्या फील्डमधला एक किस्सा. २०१९ मध्ये काही संशोधकांनी फोटो ओळखणारं एक मॉडेल उघडून बघितलं. घोड्याचे फोटो ते मस्त ओळखत होतं. कसं? तर बऱ्याच फोटोंच्या कोपऱ्यात फोटो कुठून आला त्याची छोटी ओळ छापलेली होती, मॉडेल तेवढीच बघत होतं. असल्या मॉडेलना नावही 'क्लेव्हर हान्स' असंच पडलंय.

मी आता इंटरव्ह्यूला पेन नेत नाही. परवा मैत्रीण म्हणाली, आता तू चष्मा वर सरकवतेस. त्या मुलाच्या फॉर्मवरचे माझे दोन शब्द सिस्टीममध्ये अजून तसेच आहेत.