यमुनेची वाट : श्रद्धा, नीती आणि पहिली मराठी कादंबरी

मराठी कादंबरीचा इतिहास शिकविताना पहिल्याच तासाला आम्ही वर्षानुवर्षे एक वाक्य उतरवून देत आलो. बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही मराठीतील पहिली सामाजिक कादंबरी असून ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या हेतूमुळे ती कलादृष्ट्या सामान्य ठरते, असे ते वाक्य. विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत लिहितात, आम्ही त्याला गुण देतो आणि पुढच्या तासाला ‘मुक्तामाले’कडे (१८६१) वळतो. कादंबरी प्रत्यक्ष वाचण्याचा प्रसंग फारसा येत नाही. त्या वाक्यातला धर्मप्रसाराचा आरोप खोटा नाही. परंतु तो एकदा केला की पुढे काही विचारायचे उरले नाही असे आपण समजतो, आणि चूक तेथेच होते. या कादंबरीत श्रद्धा आणि नीती यांचे नाते नेमके कसे आहे, हा प्रश्न अजून विचारण्याजोगा आहे.

प्रथम काही सन एका ओळीत मांडून पाहू. पदमनजींचा जन्म १८३१ सालचा, बेळगावचा. शिक्षण मिशनच्या शाळांतून झाले. ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ त्यांनी लिहिला तो १८५२ मध्ये. बाप्तिस्मा घेतला १८५४ मध्ये. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली १८५६ मध्ये, आणि त्यानंतरच्या वर्षी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या स्थितीविषयीची त्यांची अस्वस्थता धर्मांतराच्या आधीची आहे, हे या क्रमावरून उघड होते. आधी श्रद्धा पत्करली आणि मग तिच्या प्रचारासाठी विधवांचा विषय हाती घेतला, असे सरळसोट विधान करणे म्हणूनच अवघड जाते. नीतीचा प्रश्न आधी उभा राहिला होता. श्रद्धा त्याचे उत्तर म्हणून आली.

या दोहोंच्या मधल्या काळात आणखी एक अनुभव आहे. मुंबईत १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या परमहंस सभेचे पदमनजी सभासद होते. ‘अरुणोदय’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या सभेची हकीकत दिली आहे. जातिभेद न मानणारी ही मंडळी गुप्तपणे जमत आणि परजातीच्या हातचे अन्न खात. बाहेर मात्र सभेची वाच्यता होऊ देत नसत. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होण्याचा प्रसंग आला आणि सभा विस्कटली. बंद दाराआड जे पटते ते दार उघडून बोलता येत नाही, ही एका सबंध सुशिक्षित पिढीची कोंडी होती. पदमनजींनी ती आतून पाहिली होती. बाप्तिस्मा हा त्यांच्यापुरता श्रद्धेचा स्वीकार होताच, शिवाय जे मनात मानले ते जगासमोर मान्य करण्याचा तो उघड विधीही होता. त्याची किंमत घरदार आणि आप्तेष्ट यांच्या रूपाने मोजावी लागे, हे त्या काळच्या सर्वच धर्मांतरितांच्या आयुष्यात दिसते.

हा संदर्भ मनात ठेवून कादंबरी वाचली की तिची रचना निराळी भासू लागते. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात. ठिकठिकाणी त्यांना विधवा भेटतात. केशवपन, घरातली अवहेलना आणि फसवणूक यांच्या कहाण्या कानांवर येतात. पुढे विनायक अकाली मरण पावतो आणि इतका वेळ दुसऱ्यांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. अखेर ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो.

प्रवासाचा हा साचा त्या काळच्या ख्रिस्ती वाचकाला अपरिचित नव्हता. जॉन बन्यनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा ‘यात्रिकक्रमण’ हा हरि केशवजी यांनी केलेला अनुवाद १८४१ मध्येच आला होता. मात्र दोन प्रवासांतला फरक मोलाचा आहे. बन्यनचा यात्रिक पहिल्या भागात बायकोमुले मागे ठेवून एकटा निघतो. त्याला स्वतःचा उद्धार साधायचा असतो आणि वाटेत भेटतात ती बव्हंशी गुणदुर्गुणांची रूपके. यमुनेच्या वाटेवर भेटतात त्या बायका. तिचे पर्यटन स्वतःच्या तारणाच्या शोधात सुरू होत नाही. परक्या घरातल्या दुःखापाशी थांबत थांबत ते पुढे सरकते. रूपकाच्या जागी विधवेची हकीकत आली, आणि आमच्या मते कादंबरी या प्रकाराची मराठीतली सुरुवात या बदलात आहे. निबंध ‘स्त्रियांविषयी’ बोलत होता. आता स्त्रिया स्वतः बोलू लागल्या.

एवढे म्हणूनही कादंबरीची मर्यादा झाकता येत नाही. त्या बायकांच्या कहाण्या जितके प्रश्न उभे करतात तितक्यांना शेवटचे उत्तर पुरत नाही. धर्मांतर यमुनेला वाचवते, पण वाटेत भेटलेल्या बाकीच्या विधवा जेथे होत्या तेथेच राहतात. शिवाय ज्या समाजात यमुना प्रवेश करते, त्या समाजाकडे लेखक त्याच कठोर नजरेने पाहत नाही. कायदा झाला तरी जुन्या समाजात राहून तो कुणाच्या उपयोगी पडणार नाही, असा या शेवटाचा सूचित निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष पुढच्या चाळीस वर्षांनी तपासून पाहिला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण नवा धर्म स्वीकारताना आपली विवेकबुद्धी त्यांनी कोणाच्या स्वाधीन केली नाही. तेथील भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या धर्मसिद्धांतांवर निर्भयपणे वाद घालतात. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये तेथील मुलींवरील ख्रिस्ती प्रभावावरून मोठे वादळ उठले. रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी याच सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. हिंदू समाजात राहूनच त्यांनी तो केला आणि बहिष्कारही सोसला. पदमनजींना न दिसलेली वाट अशी निघाली. ती एका ख्रिस्ती बाईने उभ्या केलेल्या घरातून निघाली, हेही विसरता येत नाही.

पुण्यात हे सारे घडत असताना ‘करमणूक’मधून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ (१८९०-९३) क्रमशः येत होती. तिच्या नायिकेचे नावही यमू. हा योगायोग की आणखी काही, याचा तर्क आम्ही करीत नाही. पण दोन यमुना शेजारी ठेवून पाहाव्यात असे मात्र आग्रहाने सुचवतो. पहिलीपाशी सुटकेची वाट आहे आणि म्हणून तिची कथा आपल्याला सोपी वाटते. दुसरीपाशी वाटच नाही. केशवपन होते, ती खंगून मरते आणि वाचक अस्वस्थ राहतो. हरिभाऊ उत्तर देत नाहीत, म्हणून ते थोर कलावंत, असे आपण शिकवतो. ते बरोबरही आहे. परंतु उत्तर न देणे हे कलावंताला शोभते. यमूच्या जागी असलेल्या बाईला उत्तर हवेच होते. पदमनजींनी ते दिले, अपुरे का होईना, आणि स्वतःच्या आयुष्यात त्याची किंमत मोजून दिले.

श्रद्धा आणि नीती यांची खरी सांगड मराठीत पाहायची तर ‘स्मृतिचित्रे’पर्यंत यावे लागते. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये धर्मांतर केले, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षे केवळ धर्मग्रंथांच्या वाचनाने भरून निघाली नाहीत. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ निराळे ठेवले. अन्नपाण्याचा एकेक नियम मनाशी झगडून सुटत गेला. येथे प्रवचन नाही, शेवटी घाईने जोडलेला निष्कर्षही नाही. स्वतःच्या चुकांना हसत हसत एक बाई बदलते, आणि तो बदल आपल्याला पटतो.

‘यमुनापर्यटन’ आणि ‘स्मृतिचित्रे’ यांच्यामध्ये पाऊणशे वर्षांहून अधिक अंतर आहे. पहिल्या पुस्तकात श्रद्धेला घाई आहे, दुसऱ्यात सवड. परंतु घाई का होती, हे १८५७ च्या विधवेच्या जागी उभे राहून समजून घेतले पाहिजे. पुढच्या वर्षी पहिल्या तासाला आम्ही ते जुने वाक्य उतरवून देणार नाही. वाटेत भेटलेल्या एखाद्या विधवेची हकीकत वर्गात मोठ्याने वाचू आणि मग विद्यार्थ्यांनाच विचारू, की हिला कोणते उत्तर द्यावे?