बर्मेहा : नकाशातले बेट, सागरातली सीमा

युकातान द्वीपकल्पाच्या वायव्येस, मेक्सिकोच्या आखातात, ‘बर्मेहा’ हे चिमुकले बेट सोळाव्या शतकापासून नकाशांत दिसते. स्पॅनिशमध्ये या नावाचा अर्थ तांबूस. आलोन्सो दे सांता क्रूझ याने १५३९च्या सुमारास त्याची नोंद केली. पुढचे नकाशाकार जुन्या नकाशांवरून नवे काढत राहिले. त्यात त्यांचा निव्वळ आळस नव्हता. नसलेले बेट दाखवले तर जहाजाला फार तर वळसा पडे. असलेले गाळले तर जहाज फुटण्याची भीती. त्यामुळे शंकास्पद बेट खोडायला सहसा कोणी धजत नसे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या ठिपक्याला तेलाचा वास लागला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर देशाचा हक्क मान्य झाला होता. बर्मेहा असते, तर मेक्सिकोची हद्द उत्तरेकडे सरकली असती, अशी अनेकांची आशा होती. १९९७मध्ये मेक्सिकन नौदलाने शोध घेतला. बेट सापडले नाही. २०००मध्ये अमेरिकेशी सागरतळाच्या वाटणीचा करार झाला आणि बेट अमेरिकेनेच उडवल्याची वदंता पसरली. २००९मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाच्या संशोधकांनाही तिथे खोल समुद्रच आढळला.

नकाशांची संख्या मोठी होती, साक्षीदारांची नव्हे. एकाच नोंदीच्या शंभर नकला म्हणजे शंभर पुरावे नव्हेत. इतिहासाच्या अभ्यासकाने मोजायचे असतात ते पाहणारे. उतरवून घेणारे नव्हेत.