आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढ : जनुकोपचाराचे प्रतिमांकन

जनुकोपचारानंतर यकृतपेशी रक्तातले एलडीएल (कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) खरोखर उचलू लागल्या आहेत का, हे शरीराला छेद न देता बाहेरून पाहण्याची पद्धती. आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीत बहुधा एलडीएल-ग्राही या प्रथिनाचे जनुक सदोष असते. यकृतपेशींच्या पृष्ठभागावरचे हे ग्राही एलडीएल कण पेशीत ओढून घेतात. आईकडून व वडिलांकडून आलेल्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्यास एलडीएल उपचारांविना 500 मिग्रॅ./डेलि.च्या वर जाऊ शकते आणि विशीच्या आतच हृदयविकार जडतो.

संयुक्त अरब अमिरातीत हा विषय महत्त्वाचा आहे. अमिरातीसह पाच आखाती देशांच्या नोंदवहीत तपासलेल्या 34,366 रुग्णांपैकी दर 112 जणांमागे एकाला हा विकार आढळला. जगभरातले प्रमाण सुमारे 300 मागे एक असे धरले जाते. आखाती आकडा दवाखान्यात आलेल्यांचा आहे, हे ध्यानात ठेवावे. मात्र नात्यातल्या विवाहांमुळे दोन्ही प्रती सदोष असलेली मुले या प्रदेशात अधिक जन्मतात. अल ऐन येथील संयुक्त अरब अमिराती विद्यापीठात बस्साम अली व सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवले, की काही उत्परिवर्तनांत ग्राही तयार होतो, पण चुकीची घडी पडल्याने पेशीच्या आतच अडकून राहतो. म्हणून जनुक पोहोचले एवढे कळून भागत नाही. ग्राही पृष्ठभागावर येऊन काम करतो का, हे पाहावे लागते.

या विकारावरचा पहिला जनुकोपचार 1992 मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात जेम्स विल्सन यांच्या चमूने केला. रुग्णाच्या यकृताचा तुकडा काढून त्यातल्या पेशींत निरोगी जनुक घातले आणि त्या पेशी प्रतिहारी शिरेतून यकृतात परत सोडल्या. चार महिन्यांनी सुईने काढलेल्या नमुन्यात जनुक थोड्याच पेशींत सक्रिय दिसले. अशा कणभर ऊतीवरून संपूर्ण यकृताचा अंदाज बांधणे धोक्याचे असते. एलडीएलचा उतरलेला आकडाही निर्णायक नाही, कारण तो आहार-औषधांनीही उतरतो.

सर्वांत थेट उपाय म्हणजे एलडीएल कणांनाच टेक्नेशियम-99एम किंवा इंडियम-111 हे किरणोत्सारी द्रव्य जोडून ते शिरेतून देणे व गॅमा कॅमेऱ्याने यकृतातला साठा मोजणे. ग्राहीहीन वातानाबे ससे अशा अभ्यासांसाठी सोयीचे ठरले. यकृतातल्या भक्षक पेशीही बिघडलेले एलडीएल गिळतात, म्हणून उपचारापूर्वीची प्रतिमा तुलनेला हवीच. दुसऱ्या पद्धतीत उपचाराच्या जनुकासोबत, ज्याचे कार्य बाहेरून टिपता येते असे एक सूचक जनुक धाडतात. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूच्या थायमिडीन कायनेजचा असा वापर स्पेनमधील पाम्प्लोना येथे यकृत-कर्करोगाच्या रुग्णांत झाला; 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जनुकाचे कार्य पेट स्कॅनमध्ये दिसले. विषाणूचे हे प्रथिन शरीराला परके असल्याने प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटू शकते.

एलडीएल-ग्राहींचा नाश घडवणाऱ्या पीसीएसके9 प्रथिनाचे जनुक बंद करणाऱ्या नव्या संपादन-उपचारांत सूचक जनुकाला जागा नाही. तिथे मूळचे ग्राही अधिक काळ टिकतात, त्यामुळे किरणांकित एलडीएलची पद्धत तत्त्वतः लागू पडते. रुग्णांवरील चाचण्यांत मात्र भर रक्तातील पीसीएसके9 व एलडीएल मोजण्यावर आहे. रोहिण्यांवरचा परिणाम सीटी अँजिओग्राफी व मानेच्या रोहिणीची सोनोग्राफी दाखवतात, पण त्यात फरक दिसायला वर्षे लागतात. लहान मुलांत किरणांची मात्रा कमी ठेवावी लागते, म्हणून वारंवार तपासणीसाठी सोनोग्राफीला प्राधान्य दिले जाते.