स्वप्नाची मजुरी : डॅलसच्या चीअरलीडर आणि वास्तवमालिकेचे कथनरूप

स्पर्धेवर आधारलेल्या वास्तवमालिकांत बक्षिसाची रक्कम सहसा पहिल्याच भागात मोठ्याने सांगितली जाते. बक्षीस म्हणून जेव्हा एखादी नोकरीच देऊ केलेली असते, तेव्हा मात्र त्या नोकरीचा पगार किती, हा साधा प्रश्न संहितेबाहेर राहतो. सीएमटी या अमेरिकन वाहिनीवर २००६ ते २०२१ या काळात सोळा पर्वे चाललेली ‘डॅलस काउबॉइज चीअरलीडर्स : मेकिंग द टीम’ ही मालिका या मौनाचे ठळक उदाहरण होय. टेक्सासमधील व्यावसायिक फुटबॉल संघाच्या नर्तकींचा छत्तीसएक जणींचा चमू दरवर्षी कसा निवडला जातो, हा तिचा विषय. शेकडो तरुणी चाचणीला येतात, थोड्या प्रशिक्षण-शिबिरापर्यंत पोहोचतात आणि त्यांतूनही दर आठवड्याला काही गळतात. सायंकाळचा सराव संपल्यावर एकेकीला संचालिकेच्या कार्यालयात बोलावले जाते. तेथे तिच्या लाथेची उंची, चेहऱ्यावरचा भाव, केसांचा रंग, गणवेशात दिसणारी कंबर यांबद्दल सौम्य स्वरात निर्णय ऐकवला जातो. मालिकेची सारी नाट्यमयता या खोलीत एकवटलेली आहे. त्या खोलीतून बाहेर पडणारी उमेदवार रडते किंवा आभार मानते. पुष्कळदा दोन्ही करते. तिने काय गमावले किंवा कमावले, हे डॉलरमध्ये सांगण्याची गरज निवेदनाला भासत नाही.

हे मौन केवळ व्यवस्थापनाच्या धूर्तपणाचे फळ मानणे पुरेसे नाही. निवडकथेच्या रचनेतच ते अंतर्भूत आहे. अशा कथेचा कालावकाश ‘आत घेतले जाणे’ या क्षणापाशी संपतो; आत घेतल्यानंतरचे काम, त्याचे तास, त्याची झीज आणि त्याचा मोबदला हे कथेच्या उत्तरार्धाचे द्रव्य असते आणि तो उत्तरार्ध कधी लिहिलाच जात नाही. त्यातही डॅलसच्या प्रथेनुसार जुन्या नर्तकींनाही दरवर्षी नव्याने चाचणी द्यावी लागते. म्हणजे कथा संपून नोकरी सुरू होण्याआधीच पुढची निवडकथा उभी राहते. श्रमाचे रूपांतर अखंड उमेदवारीत करणारी ही व्यवस्था मालिकेच्या जन्माआधीची आहे. मालिकेला ती आयतीच सापडली, असे म्हणता येईल.

या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण पगाराचे मौन त्या इतिहासातूनच आलेले आहे. ‘चीअरलीडर’ या शब्दाला मराठीत पर्याय रुळलेला नाही, आणि ते एका अर्थी बरेच झाले. कारण मूळ शब्दाचा अर्थच दरम्यान बदलून गेला आहे. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने गर्दीपुढे उभे राहून आरोळ्यांचे नेतृत्व केले, तेव्हापासून या प्रथेचा आरंभ मानतात. हे नेतृत्व पुरुष विद्यार्थ्याकडे असे, ते प्रतिष्ठेचे होते आणि अर्थातच विनावेतन होते. १९२३ च्या सुमारास मिनेसोटातच स्त्रिया त्यात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढाईवर गेल्यावर त्यांची संख्या वाढली. १९४८ मध्ये लॉरेन्स हर्किमर यांनी टेक्सासमध्ये प्रशिक्षण-शिबिरे सुरू केली. विद्यार्थिदशेतील मान आणि त्या मानातच सामावलेला मोबदला ही कल्पना येथे घट्ट झाली. पुढे व्यावसायिक संघांनी हा प्रकार उचलला, तेव्हा खेळाडूंचा व्यवसाय झाला. नर्तकींकडे मात्र शाळेतला ‘मान’ तसाच चालत आला.

१९६० मध्ये स्थापन झालेल्या डॅलस काउबॉइज संघापुढे पहिल्या दशकात शालेय मुलामुलींचा चमू असे. १९७२ मध्ये महाव्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी तो मोडून प्रौढ, प्रशिक्षित नर्तकींचा चमू उभा करवला. टेक्सी वॉटरमन या नृत्यशिक्षिकेने नृत्ये बसवली आणि पॉला व्हॅन वॅगनर यांनी तो निळा-पांढरा, ताऱ्यांचा गणवेश आखला. श्रॅम यांना पक्के कळले होते की फुटबॉल आता मैदानापेक्षा पडद्यावर अधिक पाहिला जातो. जानेवारी १९७६ मध्ये मायामीत झालेल्या सुपर बोलच्या प्रक्षेपणात एका नर्तकीने कॅमेऱ्याकडे पाहून डोळा मिचकावला आणि हा चमू देशभर पोहोचला, ही कथा त्यांच्या इतिहासात आदिकथेसारखी सांगितली जाते. आरोळ्यांचे नेतृत्व करणारी व्यक्ती गर्दीकडे पाहत असे; ही कॅमेऱ्याकडे पाहत होती. ती आता कोणाचेच नेतृत्व करीत नव्हती, पण नाव तेच राहिले.

या प्रसिद्धीच्या काळात नर्तकीला एका सामन्यामागे १५ डॉलर मिळत. कर वजा जाता चौदाच्या थोडे वर. १९७६ पासून १९८९ पर्यंत चमूच्या संचालिका असलेल्या सुझॅन मिचेल यांनी वजन, वर्तन आणि खेळाडूंशी संबंध न ठेवणे यांबाबत कडक शिस्त घालून दिली. १९७९ मध्ये चमूने कोरियातील अमेरिकन सैनिकांपुढे पहिला दौरा केला आणि नृत्याला देशसेवेचे वलय लाभले. इतिहासाला निसर्गाचे रूप देणे हे मिथकाचे कार्य होय, असे रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये प्रतिपादिले आहे. संघाच्या अर्थकारणातून घडलेली ही प्रतिमा ‘अमेरिकेच्या लाडक्या मुली’ या नावाने सात-आठ वर्षांतच जणू टेक्सासच्या मातीतून उगवल्यासारखी दिसू लागली. लाडक्या मुलीने घरच्या माणसांकडे मजुरी मागावी हे त्या चौकटीत विसंगतच ठरते.

याच १९७९ मधील एक न्यायनिवाडा या संदर्भात फार बोलका आहे. एका अश्लील चित्रपटात या गणवेशासारखा गणवेश वापरला गेला म्हणून संघाच्या नर्तक-संस्थेने न्यूयॉर्कच्या एका चित्रपटगृहाविरुद्ध दावा लावला. अपील न्यायालयाने गणवेशाला व्यापारचिन्हाचे संरक्षण मान्य केले. म्हणजे कपड्यांच्या मालकीचा प्रश्न चमूच्या स्थापनेपासून सात वर्षांत न्यायालयापुढे येऊन निकाली निघाला. ते कपडे घालून नाचणाऱ्या स्त्रीच्या तासांचा प्रश्न तेथे पोहोचायला २०१८ उजाडावे लागले. त्याच वर्षी तो गणवेश वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात दाखल झाला, हा योगायोग कोणा कादंबरीकाराने रचला असता तर तो ओढूनताणून आणलेला वाटला असता.

स्त्रीवादी समीक्षेने या विषयाकडे दुर्लक्ष केले असे नाही. पण तिचे लक्ष मुख्यतः प्रतिमेवर राहिले. लॉरा मल्व्ही यांच्या १९७५ च्या निबंधानंतर ‘पाहणारा पुरुष आणि पाहिली जाणारी स्त्री’ हे सूत्र इतके प्रभावी ठरले की पाहिले जाणे हेही एक काम आहे, त्याला तास लागतात, गुडघे आणि नितंबाचे सांधे लागतात, ही बाब मागे पडली. आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातील सेविकांच्या अभ्यासावरून १९८३ मध्ये मांडलेली भावश्रमाची संकल्पना येथे अधिक उपयोगी पडते. हसू हा या नर्तकीच्या कामाचा भाग आहे आणि मालिकेतील परीक्षक त्या हसण्याला उघडपणे गुण देतात. मात्र ज्याला गुण आहेत त्याला दर का नसावा, असे ते विचारीत नाहीत.

भारतातही ही उणीव दिसली. २००८ मध्ये इंडियन प्रीमिअर लीगमध्ये परदेशी चीअरलीडर आल्या, तेव्हा महाराष्ट्रात राज्य सरकारच्या पातळीवरूनही आक्षेप उमटले. तीनच वर्षांपूर्वी, २००५ मध्ये, डान्स बारवर बंदी घालणाऱ्या या राज्यातील चर्चा मुख्यतः श्लील-अश्लीलाभोवती फिरली. विरोधक आणि समर्थक दोघांनीही त्या स्त्रियांच्या कपड्यांची लांबी मोजली; त्यांच्या कराराची लांबी मोजण्यात फारसा कोणाला रस नव्हता.

अमेरिकेत हे मौन कथनातून नव्हे, न्यायालयातून फुटले. जानेवारी २०१४ मध्ये ओकलंड रेडर्स संघाच्या चीअरलीडरनी दावा दाखल केला. त्यांना सामन्यामागे १२५ डॉलर, म्हणजे हंगामाला १२५० डॉलर मिळत आणि सराव व इतर कार्यक्रमांचे तास हिशेबात नसत. संघराज्याच्या कामगार विभागाने संघाला ‘हंगामी करमणूक’ या सदरात बसवून किमान वेतन कायद्यातून सूट असल्याचा निर्वाळा दिला. तरीही राज्याच्या कायद्याखाली चाललेल्या दाव्यात त्याच वर्षी साडेबारा लाख डॉलरची तडजोड झाली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने व्यावसायिक संघांच्या चीअरलीडरना कर्मचारी मानणारा कायदा केला. बफेलोच्या ‘जिल्स’नी १९९५ मध्येच संघटना बांधली होती, पण २०१४ मध्ये त्यांतील काहींनी न्यायालय गाठताच तो चमूच स्थगित झाला. जून २०१८ मध्ये डॅलसच्या एका माजी नर्तकीने दावा लावला, तेव्हा तासाला ८ डॉलर आणि सामन्याला २०० डॉलर हे आकडे बाहेर आले. कापसाचे मोठे डोके चढवून मैदानभर बागडणाऱ्या शुभंकराला वर्षाला सुमारे ६५ हजार डॉलर मिळतात, असेही त्या दाव्यात म्हटले होते. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि दर १२ व ४०० डॉलरवर गेले. सीएमटीवरची मालिका या साऱ्या काळात चालू होती.

२०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ग्रेग व्हाइटली यांच्या ‘अमेरिकाज स्वीटहार्ट्स’ या मालिकेचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उमजते. व्हाइटली यांनी यापूर्वी ‘चीअर’ या मालिकेत टेक्सासमधीलच एका महाविद्यालयाचा चमू चित्रित केला होता. त्यांचा कॅमेरा निवड संपल्यावरही थांबतो. नर्तकी दिवसा काय करतात हे येथे दिसते. कोणी बालरुग्णांची परिचारिका आहे. दिवसभर काम करून ती सायंकाळी सरावाला येते. आईनेही याच चमूत नृत्य केलेली एक तरुणी आपल्या आहारविकाराबद्दल आणि खचलेल्या मनाबद्दल बोलते. ‘थंडरस्ट्रक’ या गाण्यावरील प्रसिद्ध नृत्याच्या शेवटी हवेत उडी घेऊन पाय फाकून जमिनीवर आदळायचे असते. त्या आदळण्याची किंमत सांध्यांनी कशी चुकवली, तेही ऐकायला मिळते. सामन्याच्या वेळी एका छायाचित्रकाराने स्पर्श केल्याची तक्रार एक नर्तकी पोलिसांकडे नेते. आणि पगाराबद्दल विचारल्यावर एक माजी नर्तकी तो झटपट खाद्यपदार्थांच्या दुकानातील पूर्णवेळ नोकराइतका असल्याचे हसत सांगते. हे हसू व्यवसायाने शिकवलेले आहे. पण प्रथमच त्याच्याखाली एक आकडा ठेवलेला आहे.

याच पर्वात मालकघराण्यातील शार्लट जोन्स पगार कमी असल्याचे मान्य करतात आणि मुली पैशांसाठी येत नाहीत, त्यांना याहून मोठ्या गोष्टीचा भाग व्हायचे असते, अशा आशयाचे उत्तर देतात. हे वाक्य ढोंगाचे आहे असे म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. अडचण अशी की ते बऱ्याच अंशी खरे आहे. नर्तकींच्या बोलण्यात भगिनीभाव, वारसा, श्रद्धा, बालपणीचे स्वप्न हे शब्द पुनःपुन्हा येतात आणि ते पढवलेले वाटत नाहीत. स्वप्न खरे असल्यामुळेच ते मजुरीतून वळते करून घेता येते. ज्या वर्षी हे विधान प्रसारित झाले, त्याच २०२४ मध्ये ‘फोर्ब्स’ने काउबॉइज संघाचे मूल्य १०.१ अब्ज डॉलर ठरवले.

जून २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वात पगार हा कथानकाचाच धागा होतो. जुन्या नर्तकी एकत्र येऊन वाढ मागतात. सामूहिक बहिष्काराचा विचारही झाल्याचे त्यांच्या बोलण्यातून कळते. पर्वाच्या अखेरीस सुमारे चारशे टक्के वाढ जाहीर होते. पाच वर्षे चमूत असलेल्या एका नर्तकीने वृत्तपत्राला दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये तिला तासाला १५ आणि सामन्याच्या दिवसाला ५०० डॉलर मिळत होते. नव्या करारात अनुभवी नर्तकीला तासाला ७५ डॉलरहून अधिक मिळू शकतील. आरोग्यविमा मात्र त्यात नव्हता. मागणी कशी बांधली गेली, कोण कचरले, कोणी कोणाला समजावले, यातले फारच थोडे पडद्यावर येते. वाढ येते ती पर्वान्ताच्या बातमीसारखी, अश्रू आणि मिठ्यांसह. निवडीच्या बातमीसाठी सीएमटीच्या मालिकेने घडवलेल्या दृश्यभाषेतच. वाटाघाटीला स्वतःचे कथनरूप अद्याप लाभलेले नाही. तरीही या दृश्यात एक तपशील जुन्या चौकटीत मावत नाही. मागणी मांडण्यात पुढे असलेल्या नर्तकींपैकी काहींचा तो शेवटचा हंगाम होता. वाढीव दराचा करार त्यांच्या हाती पडणार नव्हता. तो पुढच्या वर्षी चाचणीला येणाऱ्या, त्यांना अनोळखी असलेल्या मुलींसाठी होता.