श्रोत्यांच्या वर्गणीची कुळकथा

फुकट ऐकू येणाऱ्या रेडिओसाठी श्रोत्यांनी आपणहून वर्गणी द्यावी, ही प्रथा अमेरिकेत रुजवली ती युद्धाला नकार देणाऱ्या माणसांनी. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात जायला नकार दिलेल्या लुईस हिल यांनी 1946 मध्ये पॅसिफिका फाउंडेशन स्थापन केले. 15 एप्रिल 1949 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली येथे त्यांचे ‘केपीएफए’ केंद्र सुरू झाले.

ही प्रथा पहिल्यांदा सुरू करण्याच्या मानाचे दुसरेही दावेदार आहेत. 1922 मध्ये पैसे घेऊन जाहिरात ऐकवणाऱ्या न्यूयॉर्कच्या ‘डब्ल्यूईएएफ’ केंद्रावरील कलावंतांच्या मानधनासाठी 1924 मध्ये श्रोत्यांकडे निधी मागितला गेला. तो फारसा जमलाच नाही. शिकागोत मूडी बायबल इन्स्टिट्यूटचे केंद्र 1926 पासून भाविकांच्या देणग्यांवर चाले. तारखा पाहिल्या तर हे दोघे थोरले ठरतात, पण आजच्या वर्गणीचे कुळ त्यांच्यापाशी पोहोचत नाही. एकीकडे मैफलीचा खर्च भागवायचा होता, दुसरीकडे धर्मकार्याला हातभार लावायचा होता. ब्रिटनमधली परवाना फी किंवा 1927 साली मुंबई केंद्र सुरू झाले तेव्हाचा दहा रुपयांचा परवाना, ही तर सक्तीचीच वसुली.

हिल यांचा मुद्दा मायक्रोफोनसमोर बसलेल्या माणसाचा होता. स्वतःला न पटणारा मजकूर जाहिरातदारासाठी गोड आवाजात वाचणारा निवेदक त्यांना खुपे. बोलणाऱ्याने आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यायची, तर त्याचा पगार ऐकणाऱ्याकडून यायला हवा, असे ते मांडत. युद्धाला नकार देणारी सदसद्विवेकबुद्धी आणि ही मागणी एकाच मुळातून आलेल्या दिसतात. हिशेबही त्यांनी मांडला होता: शंभरातल्या दोन श्रोत्यांनी वर्षाला 10 डॉलर दिले तरी केंद्र चालेल.

प्रत्यक्षात केपीएफए एफएमवर ऐकू येई आणि एफएम संच फार थोड्या घरांत होते. 1950 च्या ऑगस्टमध्ये पैसे संपले आणि केंद्र बंद पडले. श्रोत्यांनी सभा घेतल्या, निधी जमवला आणि 1951 मध्ये प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले. फोर्ड फाउंडेशनच्या पैशातून अनुदानही मिळाले. एकट्या वर्गणीने केंद्र तारले, असे म्हणता येत नाही.

1967 च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणाला सरकारी निधी मिळू लागला, तरी श्रोत्यांना आवाहन करणे थांबले नाही. 2025 मध्ये अमेरिकी काँग्रेसने तो निधी काढून घेतला. तेव्हापासून अनेक लहान केंद्रांची भिस्त मुख्यतः वर्गणीवरच आहे.