अल्माटीत १२-१२

डोळे मिटा आणि २०१६ सालात या.

पहिल्यांदा जाणवतो तो वारा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या माळावरचा, सर्व्हिससाठी उंच फेकलेला चेंडूही हलवणारा. गाव स्टिलवॉटर. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाची नारिंगी कपड्यांतली पोरं शेजारशेजारच्या तीन कोर्टांवर एकाच वेळी दुहेरी खेळतायत. त्यांच्यात पुण्याचा अर्जुन कढे आहे. कॉलेजची लढत दुहेरीनेच सुरू होते. सहा गेमचा एकच सेट, आणि तीनपैकी दोन कोर्टं जिंकली तर संघाला एक गुण. एकेरीचे सहा सामने त्यानंतर. टेनिसचे प्रेक्षक शांत बसतात असं ऐकत आलात ना? इथे आरोळ्यांनी कान बसतात. नेटजवळचा गडी हात पाठीमागे नेतो. मूठ मिटलेली असेल तर जागेवर थांबायचं, पंजा उघडला तर मधे झेप घ्यायची. प्रतिस्पर्ध्याला न दिसणारी ती बोटं नीट बघून ठेवा.

२०१८, पुणे, बालेवाडी. चेन्नईची एटीपी स्पर्धा आता इथे आलीय आणि अर्जुनला एकेरीचं वाइल्ड कार्ड मिळालंय. घरचं मैदान, ओळखीचे चेहरे. तरी फार रेंगाळू नका, कारण त्याची खरी वाट दुहेरीची आहे. पुढची वर्षं छोट्या स्पर्धांची, चॅलेंजरची. बक्षिसाची रक्कम मुळातच तुटपुंजी, त्यातही दोन वाटे. ही वर्षं जो निभावून नेतो, त्याचं मला विजेत्याइतकंच कौतुक वाटतं.

२० ऑक्टोबर २०२४. कझाकस्तानातलं अल्माटी, बंदिस्त हॉल, अंतिम सामना. अर्जुनच्या जोडीला हैदराबादचा ऋत्विक बोल्लिपल्ली. समोर कोलंबियाचा बारियेंतोस आणि ट्युनिशियाचा मन्सूरी. पहिला सेट ३-६ असा गेलाय. दुसरा टायब्रेकमध्ये ७-३ असा खेचून आणलाय. आता तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, दोन गुणांची आघाडी हवीच.

९-९. बाजू बदलतात. इथून पुढे प्रत्येक बरोबरीनंतरचा गुण कुणाला ना कुणाला विजेतेपदाच्या दारात नेतो, आणि त्यापुढचा पुन्हा बरोबरी करतो. १०-१०. ११-११. तुमची मूठ आपोआप आवळली गेलीय. १२-१२, पुन्हा बाजू बदल. चालता चालता दोघं एकमेकांशी दोन शब्द बोलतात. एकेरीवाल्याला अशा घडीला बोलायला कुणी नसतं. मला दुहेरी प्रिय आहे ती म्हणूनच.

१३-१२.

१४-१२! ओरडा, खुशाल ओरडा. एटीपी दौऱ्यावरचं दोघांचंही हे पहिलंच विजेतेपद, आणि अर्जुन तीस वर्षांचा आहे.