नालाच्या कमानीखालचा भाजीबाजार

गौरी-गणपतीत आपण देवापुढे महिरप लावतो. कुणी मण्यांची करतं, कुणी लोकरीची, कुणी थर्माकोल बंद झाल्यापासून पुठ्ठ्याची. हा महिरप शब्द आपल्याकडे कुठून आला माहीत आहे? अरबीतून. मूळ शब्द मेहराब. मशिदीत नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कमानदार कोनाडा म्हणजे मेहराब. तो शब्द वाड्यांच्या दिवाणखान्यात शिरला, देव्हाऱ्यात शिरला आणि आता गौरीच्या मागे उभा राहतो. कुणाला परका वाटत नाही.

आज अशाच एका कमानीखालून आपण बाजाराला जाणार आहोत. बाजार दूरचा आहे, स्पेन देशातला. मी तिथे गेलेले नाही. पण फोटो, नकाशे आणि पुस्तकं घेऊन बसलं की बरंच फिरता येतं. तर चला, पिशवी घ्या.

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर मालागा नावाचं बंदराचं शहर आहे. शहराच्या जुन्या गाभ्याच्या उत्तरेला मोलिनीयो नावाची वस्ती आहे. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ छोटी चक्की. वस्ती साधी, कष्टकऱ्यांची. तिथे सालामांका मार्केट आहे. शहराच्या कारभाऱ्यांनी ते 1922 ते 1925 या काळात बांधलं, वास्तुकार दानिएल रुबिओ. इमारत फार मोठी नाही, पण तिचं दार पाहून माणूस थबकतो. घोड्याच्या नालाच्या आकाराची उंच कमान. म्हणजे कमान वर गोल जाते आणि खाली येताना सरळ न उतरता पुन्हा आत वळते. भोवती रंगीत चिनीमातीच्या फरश्यांची नक्षी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं की ही मशीद तरी असेल, नाहीतर एखाद्या सुलतानाचा महाल. आत जावं तर मासळी, मटण, टोमॅटो, कांदे.

मला हे दार फार आवडलं. आपल्याकडे बाजारासाठी बांधकाम म्हटलं की चार खांब, वर पत्रा, खाली सिमेंटचा ओटा. तोही नशिबाने. आठवडी बाजारात आपल्या बाया अजून रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून बसतात, पावती फाडणारा मात्र वेळेवर येतो. तिथे वस्तीच्या भाजीबाजाराला राजवाड्याचं दार द्यावंसं कुणाला तरी वाटलं. पण ते दार असंच का, हा खरा प्रश्न आहे. कारण ज्या लोकांची ही कमान, त्यांना त्या शहराने चारशे वर्षांपूर्वीच घराबाहेर काढलं होतं.

याचं उत्तर शोधायला मोलिनीयोहून पायी खाली समुद्राच्या बाजूला यावं लागतं. तिथे मालागाचा मोठा बाजार आहे, आतारासानास. त्याच्या दारात जी कमान आहे ती नक्कल नाही, अस्सल आहे. साधारण सहाशे-साडेसहाशे वर्षं जुनी, संगमरवरी.

इ.स. 711 मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमान सैन्य समुद्र ओलांडून स्पेनमध्ये आलं. अरब होते, बर्बर होते. युरोपातले लोक त्या सगळ्यांना मिळून मूर म्हणत. पुढे शेकडो वर्षं स्पेनच्या कमी-अधिक भागावर त्यांचं राज्य होतं. मालागा शेवटी शेवटी ग्रानादाच्या नासरी घराण्याच्या ताब्यात होतं. चौदाव्या शतकात या राजांनी समुद्राच्या काठावर जहाजं बांधण्याचा मोठा कारखाना उभारला. त्याला समुद्राकडे तोंड केलेल्या सात कमानी होत्या. अरबीत अशा जागेला म्हणत दार-अस-सिनाआ, म्हणजे काम घडतं ते घर. स्पॅनिश जिभेवर त्याचं झालं आतारासाना. आज तिथून समुद्र दिसतही नाही. गाळाने आणि भरावाने किनारा पुढे सरकला आणि जहाजांचं दार शहराच्या मधे आलं.

आता त्या काळच्या बाजाराकडे वळू, कारण आपला विषय तोच आहे. मूरांच्या शहरात बाजारावर नजर ठेवायला एक अधिकारी असे, मुहतसिब. वजनं-मापं तपासायची, भेसळ पकडायची, बाजार स्वच्छ ठेवायचा हे त्याचं काम. हा शब्द आणि आपला हिशेब एकाच अरबी धातूतून निघालेले. म्हणजे महिन्याच्या बैठकीत वही लिहिणारी आपली सचिवताई त्या मुहतसिबाची नात्यातलीच म्हणायची! आणि गंमत बघा, या मालागातल्याच एका मुहतसिबाने, अस-सकती त्याचं नाव, तेराव्या शतकाच्या सुमारास एक पुस्तक लिहून ठेवलं आहे. बाजारात कोण कसं फसवतं, याचं. गिरणीवाला, पाववाला, खाटीक, मसाले विकणारा, कुणाला सोडलेलं नाही. पिठात काय मिसळतात, वजनात कशी चोरी करतात, खराब माल चांगल्या मालाखाली कसा दडवतात. आठशे वर्षं झाली. आपल्यातली कुणीही बाजारकरीण ती यादी ऐकून म्हणेल, यात नवीन काय आहे? पण एका शहराने हे काम एका माणसावर सोपवलं होतं आणि त्याने ते लिहून ठेवलं, याचं मला मोल वाटतं. स्पेन ख्रिस्ती राजांकडे गेल्यावरही वजनं-मापं तपासणाऱ्याला लोक अल्मोतासेनच म्हणत राहिले. मुहतसिबाचाच तो अपभ्रंश.

शब्दांचं म्हणाल तर बाजारात आपण आणि ते लोक सख्खे शेजारी निघतो. वजन, किंमत, नफा, दलाल, हमाल हे आपले रोजचे शब्द अरबीतून आलेले. त्यांच्याकडे जकातीच्या कचेरीला आदुआना म्हणतात, ते आपल्या दिवाण शब्दाचं भावंड. दराच्या पाटीला तारिफा. आपण कोणाची तारीफ करतो ना, तिचीच ही बहीण. मूळ अरबी अर्थ माहिती करून देणं, म्हणजे भाव सांगणं. आणि क्विंटल! आपण कांदे-सोयाबीन क्विंटलमध्ये मोजतो आणि शब्द इंग्रजी समजतो. लॅटिनमध्ये शंभराचा एक शब्द होता, तो अरबांनी घेऊन किंतार केला, अरबांकडून तो परत युरोपात क्विंटल होऊन गेला आणि तिथून आपल्या मार्केट यार्डात आला.

भाज्या तर आपल्याच. वांगं भारतातलं. संस्कृतातला त्याचा शब्द इराणात गेला, तिथून अरबांकडे, अरबांनी तो स्पेनला नेला आणि तिथे बेरेन्हेना झाला. शर्करेचं अरबीत सुक्कर आणि स्पॅनिशमध्ये आसुकार झालं. उसाची लागवडही अरबांनीच त्या किनाऱ्यावर नेली. मालागाकडे आजही वांग्याचे काप पिठात घोळवून तळतात आणि वरून उसाची काकवी सोडतात. वांग्यावर काकवी ऐकून नाक मुरडू नका. एकदा करून पाहायला काय हरकत आहे? काप पातळ हवेत आणि काकवी अगदी धारेपुरती.

आता कडू भाग सांगते. 1487 साली राजा फर्नांडो आणि राणी इसाबेल यांच्या सैन्याने मालागाला वेढा घातला. मे महिन्यापासून ऑगस्टपर्यंत शहर लढलं. शेवटी अन्न संपलं. लोकांनी घोडे खाल्ले, कातडी खाल्ली असं इतिहासात नोंदलेलं आहे. मग शहर शरण आलं. राजाने सांगितलं, डोई तीस सोन्याची नाणी द्या आणि सुटा. पण सुटका एकेकाची नाही, सगळ्यांची मिळून एकदम. पैसे भरायला मुदत दिली आणि घरोघरचं सोनंनाणं, दागदागिने पहिला हप्ता म्हणून आधीच जमा करून घेतले. उरलेली रक्कम मुदतीत भरता आली नाही. मग दागिने गेलेच आणि माणसंही गेली. हजारो लोक गुलाम म्हणून वाटले गेले, विकले गेले. इसाबेल राणीने पन्नास मुली नेपल्सच्या राणीला भेट पाठवल्या आणि तीस पोर्तुगालच्या राणीला.

राणीने राणीला पाठवलेली भेट. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. त्या मुलींची नावं कुठे नाहीत. कर्ज आणि मुदत या शब्दांशी आपल्या गटांचा रोजचा संबंध आहे, म्हणून हा व्यवहार मला फार ओळखीचा वाटला. आधी दागिने घ्यायचे, मग न पेलणारी मुदत घालायची, आणि एकीचं चुकलं तर सगळ्यांना धरायचं. आपल्या गटांत एकमेकींची हमी असते ती एकमेकींना उचलून धरण्यासाठी. तिथे तीच हमी सगळ्यांच्या गळ्याचा फास झाली.

1492 मध्ये ग्रानादाही पडलं. जे मूर मागे राहिले त्यांना पुढे बळजबरीने ख्रिस्ती व्हावं लागलं. आणि 1609 पासून काही वर्षांत त्यांच्या वंशजांनाही देशाबाहेर घालवलं.

कारखाना मात्र उभा होता. कधी दारूगोळ्याचं कोठार, कधी इस्पितळ, कधी सैनिकांची बराक, असा तो वापरला गेला आणि झिजत गेला. 1868 च्या सुमारास तो पाडला. सातांतली एकच कमान उरली होती. त्या जागी नवा बाजार बांधायचं काम होआकिन रुकोबा या वास्तुकाराकडे आलं. त्याने ती कमान टाकून दिली नाही. 1876 ते 1879 या काळात त्याने लोखंडाचा नव्या पद्धतीचा बाजार बांधला आणि त्याच्या दर्शनी बाजूला अगदी मधोमध ती जुनी संगमरवरी कमान ठेवली. बाकीच्या लोखंडी कमानींनाही त्याने तसंच मूर वळण दिलं. मागच्या बाजूला रंगीत काचांची मोठी खिडकी आहे, तिच्यात मालागातली ठिकाणं रंगवली आहेत. बाजाराला नाव दिलं राजाचं, आल्फोन्सो बारावा. लोक मात्र आतारासानासच म्हणत राहिले. हे मला बरं वाटतं. कागदावर राजा आणि तोंडात कामाच्या घराचं जुनं अरबी नाव.

तेव्हा सालामांका मार्केटचं दार असं का, याचं उत्तर थोडंफार इथे सापडतं. एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये मूर पद्धतीच्या इमारतींची हौस सुरू झाली आणि ती विसाव्या शतकातही टिकली. बैलांच्या झुंजीची मैदानं, स्टेशनं, बाजार, सगळीकडे नालाच्या कमानी आल्या. परदेशी प्रवासी ग्रानादाचा महाल पाहून वेडे होत होते, तेव्हा इथल्या लोकांनाही वाटू लागलं की हे तर आपलंच. शिवाय मालागाच्या गवंड्याला, कुंभाराला ते वळण नवं नव्हतंच. फरश्यांवर रंगीत झिलई देण्याची कला मूरांच्या काळापासून तिथल्या हातांत होती. माणसं घालवता आली, पण हात एकमेकांकडून जे शिकले ते कोण काढून घेणार? तरीही एक गोष्ट मला खटकते. माणसं होती तेव्हा त्यांची कमान शत्रूची होती, माणसं गेली आणि मग ती शोभेची झाली. ज्यांची कला त्यांना बाजारात बसायला जागा नाही आणि बाजाराच्या दारावर त्यांची नक्षी, हे काही मालागापुरतंच घडलेलं नाही.

आतारासानासची 2008 ते 2010 या काळात नीट दुरुस्ती झाली. आज तिथे पर्यटकांची गर्दी असते. मासळीच्या गाळ्यांवर छोटे रुपेरी मासे रचलेले असतात. पूर्वी हेच मासे दोन्ही हातांना टोपल्या लटकवून गल्लोगल्ली ओरडत विकणारे फेरीवाले होते, त्यांचा पुतळा शहरात उभारलेला आहे. उन्हाळ्यात त्या शहरात मोगऱ्यासारख्या जाईच्या कळ्या एका वाळलेल्या रानकाडीच्या टोकांवर एकेक खोचून गोल चेंडू करून विकतात. कळ्या मिटलेल्या असतानाच तोडायच्या, संध्याकाळी त्या उमलतात. आपल्या गजरेवालीला हे वेगळं सांगायला नको.

सालामांका मार्केटला तेवढे पर्यटक जात नाहीत. तो वस्तीचा बाजार आहे, सकाळी जायचं आणि ताजं घेऊन यायचं. आतारासानासच्या अस्सल कमानीवर मात्र दोन ढाली कोरलेल्या आहेत आणि त्यांवर अरबी अक्षरं आहेत. नासरी राजांचं ते ब्रीद, की ईश्वराशिवाय विजयी कोणी नाही. 1487 नंतर ती अक्षरं कुणी खरवडून काढली नाहीत. त्यांच्या खालून बाया भाजीच्या पिशव्या घेऊन जातात-येतात.